पाचगणीच्या गारव्यात झुकिनी कधी लावायची, कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा: भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीशेजारी दहा गुंठे रान मोकळं आहे, त्यात झुकिनी घ्यायची आहे. बहीण आयर्लंडमध्ये असते, तिने तिकडचं लागवडीचं टिपण पाठवलं आहे. एप्रिलअखेर घरात बी टाका, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला रोपं बाहेर लावा. 'आमच्याकडेही थंड, दमट, धुकं. मग हेच वेळापत्रक धरू का?' शिवाय गेल्या डिसेंबरात थोडं बी थेट जमिनीत टोकलं होतं. निम्मं उगवलंच नाही, आणि जी झाडं आली त्यांची फळं बोटाएवढी होऊन पिवळी पडून गळाली. असं का झालं?

एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात बी टाकू नका. बहिणीचं टिपण आयर्लंडसाठी अगदी बरोबर आहे, पण तुमच्या रानाला ते उलटं पडेल. तेव्हा टाकलेल्या बियाला जून-जुलैत फुलं येतील. त्या वेळी तुमच्याकडे काय चालू असतं ते मी सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तुमच्या बाजूला तो बराच कमी असला तरी जुलैत सूर्य दिसत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. फूल उमलायच्या आधी त्यात पाणी भरेल, मधमाशी फिरकणार नाही आणि जे फळ धरेल ते टोकाकडून सडेल.

समुद्राकाठच्या थंड देशात अडचण वेगळी असते. आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडचा पश्चिम किनारा, अमेरिकेत सिएटलच्या आसपास, या पट्ट्यात हिवाळा फार कडक नसतो, पण उन्हाळाही फारसा तापत नाही. आयर्लंडच्या दक्षिणेला भर उन्हाळ्यात दुपारचं तापमान १९-२० अंशांच्या आसपास राहतं. तिथे मेच्या पहिल्या पंधरवड्यातही एखाद्या रात्री दव गोठू शकतं, आणि जमीन १५ अंशांच्या वर जायला जून उजाडतो. सप्टेंबरनंतर पुन्हा गारठा. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत सगळं उरकायचं, म्हणून ते लोक महिनाभर आधी घरात, खिडकीपाशी रोपं तयार करून ठेवतात. त्यांची सगळी धडपड ऊब साठवण्यासाठी चालते. तुमच्याकडे ऊब वर्षातले आठ-नऊ महिने आहे. तुम्हाला चुकवायचा आहे तो पाऊस, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री.

म्हणून मी महिना धरून लागवड सांगत नाही. फुलं कधी यायला हवीत ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. बी टाकल्यापासून पहिलं फूल यायला गारव्यात साधारण ४० ते ५० दिवस जातात, पहिला तोडा त्यानंतर आठ-दहा दिवसांत. खाली कराड-सांगलीकडे हेच पीक ४० ते ४५ दिवसांत तोड्याला येतं, तुमच्याकडे ५० ते ६० धरा. फुलोऱ्याच्या वेळी आकाश कोरडं हवं, सकाळी नऊपर्यंत धुकं निवळायला हवं आणि रात्रीचा पारा शक्यतो १० च्या खाली नको. हे तिन्ही जुळतं ते वर्षातून दोनदा.

पहिला हंगाम: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आडोशाला ट्रेमध्ये बी, ऑक्टोबरच्या दहा-बारा तारखेच्या पुढे लागण. पाऊस तोवर ओसरलेला असतो, जमिनीत ऊब असते. फुलं नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, तोडे डिसेंबरच्या मध्यापर्यंत. परतीचा पाऊस लांबला तर लागण आठवडाभर पुढे ढकला, पण ट्रेमधली रोपं तीन आठवड्यांपेक्षा जास्त ताटकळत ठेवू नका. मुळं कपात गोल फिरली की असलं रोप नंतर लवकर सावरत नाही.

दुसरा हंगाम मला जास्त आवडतो. जानेवारीच्या मध्यात बी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागण, मार्चच्या मध्यापासून तोडे, एप्रिलभर माल. दिवस मोठा होत जातो, थंडी रोज थोडी मागे हटते, झाड टरारून वाढतं आणि हॉटेलांचा उन्हाळी सीझन नेमका समोर असतो. धोका फक्त वळवाचा आणि गारांचा. तो एप्रिलअखेर, मेमध्ये. तोवर पीक निम्म्याहून जास्त पैसे देऊन गेलेलं असतं.

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरअखेर बी टाकणं मात्र घाटमाथ्यावर टाळाच. तुमचं गेल्या वर्षी तेच झालं. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दर हिवाळ्यात एक-दोनदा दव गोठून हिमकण पडल्याच्या बातम्या येतात, त्या तुम्हीही वाचता. झुकिनी भोपळ्याच्याच जातकुळीतली आहे, तिला गोठणं एक रात्रही सोसत नाही. थंड हवा जड, ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचून राहते. त्यामुळे दहा गुंठे निवडताना ओढ्याकाठची खोलगट पट्टी सोडा, पूर्व किंवा आग्नेय उताराची, सकाळचं ऊन लवकर येणारी जागा घ्या. रान एकाच गावात असलं तरी या दोन जागांत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज सापडतो.

वाई, मेढा, सातारा या खालच्या भागातल्या वाचकांसाठी एवढंच: पसरणीचा घाट उतरला की हिशेब बदलतो. तिथे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत कधीही लावा. सांगली-मिरजेकडे ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. फेब्रुवारीनंतर तिकडे लावलीत तर पांढरी माशी आणि तिने आणलेला पानं गोळा करणारा विषाणू, दोन्ही पदरात पडतील.

आता न उगवलेल्या बियांकडे वळू. झुकिनीच्या बियाला २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली तर चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. जमीन १६-१७ अंश असेल तर दोन आठवडेही लागतात आणि १५ च्या खाली ते जवळपास उगवतच नाही. ओल्या मातीत फुगून कुजतं. हवेचं तापमान पाहून फसगत होते, कारण दुपारी २५ असलं तरी पहाटे जमीन बरीच खाली गेलेली असते. बाजारात मातीत खुपसायचा तापमापक मिळतो. सकाळी आठच्या सुमाराला तो दोन-तीन इंच खोल धरायचा. सलग तीन-चार दिवस १६ किंवा वर दिसला तर लागण करायला हरकत नाही, थेट बी टोकायचं तर १८ हवं. या आकड्याला आयर्लंडमध्येही तेवढीच किंमत आहे.

पण घाटमाथ्यावर थेट टोकूच नका. संकरित बी नगावर विकत मिळतं आणि स्वस्त नसतं. शिवाय सरीत कोंब वर आला की गोगलगायी आणि उंदीर आधी पोचतात. ५० किंवा ७० कपांचा ट्रे घ्या, १०४ चा नको, या पिकाचं पान पहिल्यापासून मोठं असतं. कोकोपीट पिळल्यावर हाताला ओल लागावी पण पाणी गळू नये, इतपतच भिजवा. बी आडवं, साधारण पाऊण इंच खोल. ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदात गुंडाळा आणि घरात उबदार कोपऱ्यात ठेवा. चुलीच्या किंवा बंबाच्या खोलीत उत्तम. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघायचं. एका जरी कपात पांढरा बाक वर दिसला तरी त्याच दिवशी ट्रे मोकळे करून उजेडात मांडा. एक दिवस उशीर केला तर रोपं लांबट, लुळी होतात. बहीण खिडकीत रोपं करते तिलाही हाच त्रास होत असणार, तिकडे एप्रिलचा उजेड तसा मिणमिणताच.

रोपाला दोन खरी पानं पूर्ण आणि तिसरं डोकावतंय अशा वेळी लागण. म्हणजे साधारण १५ ते २० दिवसांचं रोप. त्याआधी आठवडाभर ट्रे रोज थोडा जास्त वेळ वाऱ्यात आणि उन्हात ठेवायचे, रात्री आत घ्यायचे. शेवटच्या दोन रात्री बाहेरच. आयर्लंडमध्ये ही पायरी चुकली तर वारा एका दिवसात पानं फाडतो आणि रोप पंधरा दिवस मागे जातं. तुमचा टेबललँडवरून येणारा वाराही काही कमी नाही. झुकिनीच्या पानाचा देठ पोकळ असतो, वाकला की मोडलाच. वाऱ्याच्या बाजूने मक्याच्या दोन ओळी आधीच टाकून ठेवा आणि रोप लावताना मातीची भर डाळपानांच्या (बियातून सगळ्यात आधी येणाऱ्या दोन जाड पानांच्या) खालपर्यंत द्या, म्हणजे ते हलणार नाही. लावताना कपातला गोळा फुटू देऊ नका. या कुळातल्या पिकांना मुळं दुखावलेली आवडत नाहीत.

माती तुमच्याकडे तांबडी, जांभ्याची, पावसाने धुतलेली, म्हणजे बहुधा आंबट. झुकिनीला सामू (मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा, पीएच) ६ ते ७.५ लागतो. माती परीक्षण करून घ्या आणि ५.५ च्या आसपास निघाला तर लागणीच्या महिनाभर आधी चुना किंवा डोलोमाइट अहवालात सांगतील तितकं मिसळा. दहा गुंठ्यांना चांगलं कुजलेलं शेणखत दोन ते अडीच टन, सोबत निंबोळी पेंड. गादीवाफे एक फूट उंच, मधोमध एकच ओळ, दोन ओळींत पाच फूट आणि दोन रोपांत दोन फूट. यापेक्षा दाट लावायचा मोह होतो, कारण रोप लहान असताना रान रिकामं दिसतं. पण महिन्यानंतर एका झाडाचा घेर तीन-साडेतीन फूट होतो, आणि दमट हवेत पानाखाली वारा खेळला नाही की बुरशीला आवतण दिल्यासारखं आहे.

वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर खाली कराड-सांगलीकडे चंदेरी वापरतात, कारण तो मावा आणि पांढरी माशी बिचकवतो. पण त्याने माती थंड राहते. माथ्यावर फेब्रुवारीच्या लागणीला काळा पेपर घ्या आणि तो मातीला घट्ट चिकटेल असा ताणा. मध्ये पोकळी राहिली तर ऊब वरच राहते. लागणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे कलिंगडवाले वापरतात तो क्रॉप कव्हरचा पांढरा कपडा तारेच्या कमानीवर टाका. आयर्लंडमधले माळीही असाच पातळ कपडा वापरतात, बहिणीकडे तो असेलच. पहिली मादी फुलं दिसली की दिवसा तो उघडायचाच, नाहीतर मधमाशी आत येणार कुठून? रात्री गारठा वाटला तर पुन्हा ओढा. पाणी सकाळी नऊ-दहानंतर द्या, शक्यतो विहिरीचं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी उघड्या शेततळ्यापेक्षा कोमट असतं. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर मुळं गारठवतं.

खतांबद्दल थोडक्यात. थंड जमिनीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, पानांच्या खालच्या बाजूला जांभळट झाक येते. म्हणून पहिले दोन आठवडे ठिबकमधून १२:६१:०० (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या प्रमाणाचे), मग १९:१९:१९, फळं धरली की १३:००:४५. कॅल्शियम नायट्रेट आठवड्यातून एकदा, पण वेगळ्या दिवशी. स्फुरदाच्या खतात मिसळलं तर टाकीत खडे होतात आणि ड्रिपर बंद पडतात. युरियाचा हात आखडता ठेवा. पानं छत्रीएवढी होतात, फळं मात्र दिसत नाहीत.

बोटाएवढी फळं पिवळी पडून गळाली, हा तुमच्या प्रश्नातला मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो रोग नव्हता, ते फळ फळलंच नव्हतं. झुकिनीच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या बुडाशी छोटी काकडी आधीपासूनच दिसते, त्यामुळे फळ धरलं असा समज होतो. नर फुलाचा देठ बारीक आणि लांब असतो. उन्हाळ्यात आधी नर फुलं येतात. गारव्यात आणि लहान दिवसांत उलटं होतं, मादी फुलं आधी येतात आणि नर मोजकेच. फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकराला मिटतं, पुन्हा उघडत नाही. तुमच्याकडे डिसेंबरात धुकं निवळायलाच साडेनऊ वाजतात, मधमाशी तोवर पेटीबाहेर पडत नाही. पराग पोचला नाही की फळ टोकाकडून पिवळं पडतं, सुकतं आणि पाच-सहा दिवसांत गळतं. पराग अर्धवट पोचला तर देठाकडे जाड आणि टोकाला निमुळतं, वाकडं फळ होतं. टोकाला राखाडी केसाळ बुरशी आणि पाणचट कुज असेल तर मात्र ती वेगळी भानगड: सुकलेलं फूल फळाला चिकटून ओलं राहिलं की तिथून ती शिरते. अशी चिकटलेली फुलं तोड्याच्या वेळी हाताने काढून टाकत जा.

उपाय सोपा आहे, फक्त सकाळी उठावं लागतं. सात ते नऊच्या दरम्यान ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या सोलून टाका. मधला पिवळा दांडा मोकळा होतो. त्यावर बोट फिरवून बघा, पिवळी पूड लागली तर पराग तयार आहे. दव असेल तर पूड चिकट होऊन बसते, मग अर्धा तास थांबायचं. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या तीन-चार पाळ्यांवर सगळीकडून हलकेच फिरवायचा. एक पाळी सुटली तरी फळ वाकतं. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. हजार झाडांवर रोज हे करणं शक्य नाही हे खरं. पण पहिले आठ-दहा दिवस, नर कमी आणि गारठा जास्त असताना, तेवढ्यापुरतं केलं तरी पहिले तोडे वाचतात.

कायमचा उपाय म्हणजे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या. तुमचा तालुका त्यासाठी भाग्यवान आहे. मांघर गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते तुमच्याच डोंगरात. पेटी सांभाळणारी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. परदेशी मेलिफेरापेक्षा सातेरी गारव्यात लवकर कामाला लागते. पेट्यांची तोंडं पूर्वेला करा आणि फवारणी सूर्य मावळल्यावरच घ्या. बहिणीला सांगायचं तर, तिकडे पावसाळी आठवडे सलग लागतात म्हणून परागाशिवाय फळ धरणारे वाण मिळतात, 'पार्थेनॉन' आणि 'कॅव्हिली' ही त्यातली दोन नावं. आपल्याकडे असा वाण मिळाला तर डिसेंबरच्या उरलेल्या तोड्यांना त्याचा उपयोग होईल, पण भाव विचारूनच घ्या.

स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमध्ये रिकाम्या जागी झुकिनी घुसवायचा विचार असेल तर तो सोडा. दोन्ही पिकांवरची भुरी (पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी) वेगवेगळ्या बुरशीमुळे येते, तिची चिंता नाही. पण राखाडी बुरशी आणि लाल कोळी दोन्हीकडे सारखेच राहतात. वर स्ट्रॉबेरीची फवारणी झुकिनीच्या उघड्या फुलांवर जाणार, म्हणजे मधमाशी मरणार. मध्ये निदान दोन-तीन वाफ्यांचं अंतर ठेवा.

भुरी मात्र येणारच, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवसा ऊन आणि रात्री दव असताना. पहिला पांढरा ठिपका जुन्या पानावर दिसला की ते पान काढा आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅमप्रमाणे फवारा. पारा ३० च्या वर गेल्यावर गंधक नको, पानं भाजतात. मात्र काही वाणांच्या पानांवर जन्मतःच चंदेरी ठिपके असतात. बोटाने पुसून बघा. पुसलं गेलं तर भुरी, नाही गेलं तर वाणाचाच तो रंग. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे (नर माशीला वासाने ओढणारे) सापळे एप्रिलच्या आधीच लावा. गोगलगायींना ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यालगत अंथरायचं, सकाळी उलटून गोळा करायच्या. पानं बारीक, पिवळी-हिरवी, सुरकुतलेली दिसली तर विषाणू आहे. ते झाड उपटून पुरा, त्यावर औषध नाही.

आता किती लावायचं. पाच बाय दोन फुटांवर दहा गुंठ्यांत साधारण हजार झाडं बसतात. झाडामागे दोन किलो इतका बेताचा हिशेब धरला तरी दोन टन माल होतो, म्हणजे पाच-सहा आठवडे रोज सरासरी पन्नास किलो. झुकिनी आपल्या घरोघरी रोज शिजत नाही. पन्नास किलो घेणारी हॉटेलं, सातारचा एखादा भाजीवाला आणि उरलेला माल पुण्याला नेणारी गाडी, हे बी आणायच्या आधी ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर अडीचशे-तीनशे रोपं एका वेळी आणि पंधरा दिवसांनी पुढची, असं तीन टप्प्यांत लावलं असतं.

तोडा एक दिवसाआड, भर हंगामात रोज. सहा ते आठ इंचांचं, सालीला चकाकी असलेलं फळ धारदार चाकूने इंचभर देठ ठेवून कापायचं. पिळून तोडलं तर खोडाला जखम होते. दोन दिवस राहिलं की तेच फळ दुधीएवढं होतं, त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या भाराने झाड नवी फुलं धरणं थांबवतं. विकायचं नसलं तरी असं फळ झाडावर ठेवू नका, गुरांना टाका. साल नखाने लगेच ओरखडते, म्हणून क्रेटमध्ये कागद घाला आणि दोनपेक्षा जास्त थर करू नका. माल गार करायला शीतगृहात ठेवाल तर ७ ते १० अंशांवर. त्याखाली सालीवर खड्डे पडतात.

घरचं बी धरू नका. संकरित वाणाचं पुढच्या पिढीत बिनसतं, आणि शेजारच्या शोभेच्या कडू भोपळ्याचा पराग लागला तर पुढच्या वर्षीचं फळ कडू निघू शकतं. कच्चा तुकडा जिभेला कडू लागला की ते फळ टाकायचं, शिजवून कडूपणा जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली अशीच कडू झुकिनी खाऊन एका वृद्ध माणसाचा जीव गेला होता. तुमचा माल हॉटेलात जाणार आहे, तेव्हा नवीन वाणाच्या पहिल्या तोड्यातली दोन-चार फळं आधी स्वतः चाखून बघा.